कंपोस्ट यार्डाची धूळ आणि दुसऱ्या यंत्राची मागणी



आपल्या कारखान्याच्या कंपोस्ट यार्डात खत उलथण्यासाठी दुसरे एरोटिलर यंत्र घ्यावे, अशी मागणी गेल्या वार्षिक सभेत झाली आणि त्यानंतर गटागटांच्या बैठकांतूनही ती कानावर येत आहे. मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. आडसालीच्या लागणीला खत हवे असते त्या वेळी यार्डातून "अजून तयार नाही" असे उत्तर मिळते, आणि तयार झाले म्हणून सांगावे तर पावसाने रस्ता बंद झालेला असतो. सभासदाने चिडू नये तर काय करावे? तरीसुद्धा आमचे मत वेगळे आहे. दुसरे यंत्र आत्ता घेऊ नये. त्याआधी यार्डात पाण्याची सोय करावी, ओलावा मोजण्याची सोय करावी आणि तयार खतावर छप्पर घालावे. असे का म्हणतो, ते जरा विस्ताराने सांगावे लागेल.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आपल्या खताची एक गाडी घाटाखाली रोहा तालुक्यात एका आंबा बागाइतदाराकडे गेली आणि त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी दुसरी गाडी पेणला गेली. त्या भागात पूर्वीही आपले खत थोडेफार जात असे, पण तक्रारी आल्या होत्या म्हणून दोन्ही वेळा आम्ही बरोबर गेलो. पहिली गाडी ताम्हिणी घाट उतरून विळ्यावरून कोलाडला आणि तिथून पुढे रोह्याकडे गेली. वर ताडपत्री होती, पण ती बांधलेली असून नसल्यासारखीच. घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडीमागे काळा धुरळा उठत होता आणि मागून येणारे मोटारसायकलवाले तोंडाला रुमाल लावून आम्हाला शिव्या देत पुढे जात होते. बागेत गाडी रिकामी करताना तर विचारू नका. टोपल्या भरणाऱ्या बायांनी पदर नाकाला लावले, तरी त्यांच्या भुवया आणि पापण्या काळ्या झाल्या. बागाइतदार भला माणूस. त्यांनी चहा दिला आणि एवढेच म्हणाले, "साहेब, अर्धं खत घाटातच टाकून आलात काय हो?"

दुसरी गाडी पेणला गेली तोवर आपल्याकडे वळिवाचे दोन तडाखे होऊन गेले होते. हे खत यार्डातल्या त्याच पट्ट्यातले, शेजारच्या रांगेतले. पण ते फावड्याला चिकटत होते. गाडीच्या फाळक्यातून काळे पाणी गळत होते. तिथले शेतकरी काही बोलले नाहीत, मूठभर उचलून पिळले आणि आमच्याकडे पाहिले. बोलले असते तर बरे झाले असते.

दोन्ही गाड्यांतून नमुने आणून आम्ही कारखान्याच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवले. रोह्याच्या गाडीत ओलावा १२ टक्के निघाला, पेणच्या गाडीत ५५ टक्के. आता हिशोब पाहा. दोन्ही गाड्या दहा-दहा टनांच्या, दर टनाला एकच. रोह्याच्या शेतकऱ्याला ८ टन ८०० किलो सुके खत मिळाले, त्यातले काही घाटात उडाले ते सोडून. पेणच्या शेतकऱ्याला साडेचार टन सुके खत आणि साडेपाच टन पाणी. पैसे दोघांनी सारखेच मोजले. आणि हेच खत, ह्याच भावाने, ह्याच पद्धतीने आपल्या सभासदांच्या शेतावरही जाते. उन्हाळ्यात एक सभासद म्हणतात "तुम्ही धूळ विकता" आणि पावसाळ्याच्या तोंडावर दुसरे म्हणतात "तुम्ही पाणी विकता", तेव्हा दोघांचेही खरे असते. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात १५ ते २५ टक्के ओलावा धरलेला आहे. आपल्या दोन्ही गाड्या त्याच्या बाहेर, एक वर आणि एक खाली.

ह्यात यंत्र कमी पडले असे कुठे दिसते? उलट पहिल्या गाडीतले खत यंत्राने जास्त उलथलेले होते.

थोडे मुळापासून सांगतो. शंभर टन उसामागे साधारण तीन ते चार टन प्रेसमड निघतो. (गावात आपण त्यालाही मळी म्हणतो आणि मोलॅसिसलाही मळीच म्हणतो, त्यामुळे चिठ्ठी लिहिताना दर वर्षी एकदा तरी घोटाळा होतोच.) ह्या प्रेसमडच्या लांब रांगा लावायच्या, त्यावर डिस्टिलरीचा स्पेंटवॉश ठराविक प्रमाणात फवारायचा आणि यंत्राने रांग उलथत न्यायची. उलथल्याने आत हवा जाते. कुजवणारे जीवाणू श्वास घेतात, रांग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापते, तणाचे बी मरते. पण ह्या जीवाणूंना हवेइतकेच पाणी लागते. ५० ते ६० टक्के ओलावा असला की काम जोरात चालते. ६५ च्या वर गेला की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि वस्तीवरच्या लोकांना वास येतो. ४० च्या खाली उतरला की काम मंदावते, ३० च्या आसपास जवळजवळ थांबते.

आता एप्रिल-मेच्या उन्हात यंत्र चालवले म्हणजे काय होते? रांग फोडली की आतली वाफ भसकन बाहेर पडते. ती वाफ म्हणजे खतातले पाणीच. यंत्र जितक्या वेळा फिरेल तितके पाणी उडेल. वर पाणी घातले नाही तर दोन-तीन फेऱ्यांत रांग कोरडी पडते, थंड होते, आणि थंड झाली म्हणून आपण म्हणतो "खत पिकले". ते पिकलेले नसते, नुसते वाळलेले असते. असे खत सरीत पडून त्याला पाणी मिळाले की कुजणे पुन्हा सुरू होते आणि त्या कामाला लागणारा नत्र ते जमिनीतून ओढून घेते. लागण पिवळी दिसते आणि बोल शेतकी खात्याला. हे आम्ही दोन गटांत डोळ्यांनी पाहिले आहे.

ह्यात आमचाही दोष आहे आणि तो लपवून उपयोग नाही. रांग किती दिवसांनी उलथायची याची वही शेतकी खात्याकडे असते. मे महिन्यात सभासदांच्या मागणीचा रेटा आला की आम्हीच यार्डावर निरोप धाडत होतो, "चौथ्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी फिरवा, लवकर निघेल." लवकर निघाले, पण काय निघाले ते वर सांगितलेच. त्या दोन महिन्यांत ओलाव्याचा एकही आकडा वहीत लिहिलेला नाही. ना आम्ही विचारला, ना कोणी सांगितला.

वाळलेल्या रांगेला पुन्हा ओल आणणे हे फार खर्चाचे काम आहे, हे सभासदांना आकड्यातच पटेल. शंभर टनांची रांग ३० टक्के ओलाव्यावर आली, म्हणजे तिच्यात ७० टन सुका माल आहे. ती ५० टक्क्यांवर न्यायची तर एकूण वजन १४० टन व्हायला हवे, म्हणजे ४० टन पाणी, ४० हजार लिटर. पाच हजार लिटरचे आठ टँकर, एका रांगेला! आणि वाळलेले खत पाणी धरतही नाही. वरून पाइप सोडला तर पाणी बाजूने ओघळून जाते, वरचा पापुद्रा भिजतो आणि आत भुकटी तशीच राहते. त्यासाठी आदल्या संध्याकाळी हलके शिंपावे, रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी यंत्राच्याच पुढे फवारनळी लावून उलथताना पाणी द्यावे, म्हणजे प्रत्येक कणाला पोचते. ही फवारनळी आपल्या यंत्राला मुळात होती. ती तीन वर्षांपूर्वी तुटली आणि भंगारात गेली. नवे यंत्र मागण्याआधी ती नळी बसवा, एवढे तरी व्यवस्थापनाने मनावर घ्यावे.

धुळीची दुसरी बाजू माणसांची आहे. यार्डात यंत्राबरोबर चालणारा आमचा एक मदतनीस गेल्या वर्षी खोकल्याने बेजार झाला. संध्याकाळी कणकण, छाती भरलेली, सुट्टीवर गेला की बरे, कामावर आला की पुन्हा तेच. त्याला आता वजनकाट्यावर बदलून दिले आहे. त्याचा आजार नेमका कशाचा, हे डॉक्टरांनी सांगायचे, आमचे ते काम नव्हे. पण साखर धंद्यातल्या माणसांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस असे नावच आहे, आणि अमेरिकेत लुइझियानाच्या ऊसपट्ट्यातील अशा रोग्यांविषयी १९४१ सालीच लिहिले गेले आहे. त्याचे कारण उष्णता आवडणारे सूक्ष्मजीव. गरम कंपोस्टच्या राशीतही त्याच जातीचे जीव आणि बुरशीचे बीजाणू वाढतात, आणि कोरडी रास फोडली की ते धुळीबरोबर हवेत उडतात. हे कण इतके बारीक असतात की पंचा किंवा टॉवेल तोंडाला गुंडाळून ते अडत नाहीत. त्याला एन-९५ जातीचा मास्क लागतो. चालकाची केबिन बंद हवी, आणि यंत्र चालू असताना शेजारून कोणी चालायचे नाही. पण मास्क हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे धूळ उठूच न देणे.

ह्या बाबतीत आम्हाला पेण-रोह्याकडून जे दिसले ते सांगण्यासारखे आहे, जरी तिकडे ऊस नाही आणि कारखानाही नाही. पेणला गाडीचा पट्टा तुटला म्हणून अर्धा दिवस थांबावे लागले. वेळ होता म्हणून गणपतीच्या दोन कारखान्यांत डोकावलो. एकीकडे प्लॅस्टरच्या मूर्ती घासण्याचे काम चालले होते, कौलातून येणाऱ्या उन्हाच्या तिरपेत पांढरी भुकटी तरंगत होती, घासणारी पोरे पांढरी झाली होती. दुसरीकडे शाडूचे काम. मातीचा गोळा ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेला, कारागीर लागेल तेवढीच काढून घेत होता, अंगठ्याने दाबून पाहत होता आणि पाण्यात बोटे बुडवून पुढे जात होता. तिथे धूळ नव्हती. त्या माणसाकडे ओलावा मोजायचे यंत्र नाही, पण दिवसभरात शंभर वेळा तो माती चाचपतो. आमच्या यार्डात दिवसातून एकदा कोणी मूठ दाबली तरी पुष्कळ झाले.

रोह्याकडे आणखी एक गोष्ट. तिकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत वाफ्यावर पसरतात. राब भाजणे चांगले की वाईट हा वाद वेगळा आहे आणि पाचट जाळणाऱ्या आपल्या सभासदांनी त्यांना नावे ठेवू नयेत. पण भाजताना ते लोक काय करतात? उडून जाऊ नये म्हणून वर बारीक मातीचा थर देतात, आणि वारा कुठून आहे ते पाहून पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सरकत सावकाश जाते. वारा पाहिल्याशिवाय काडी ओढत नाहीत. आपण मात्र दुपारी दोन वाजता, भर पश्चिमेच्या वाऱ्यात, लाखो रुपयांचे यंत्र रांगेत घालतो आणि पूर्वेची वस्ती काळी करतो. का, तर सकाळची पाळी स्पेंटवॉशचा पंप दुरुस्त करण्यात गेलेली असते.

तेव्हा उन्हाळ्यात खत पहाटे ते सकाळी नऊपर्यंत उलथावे. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि हवेत थोडी ओल असते. दुपारी यंत्र बंद. यार्डातल्या रस्त्यावरही पाणी मारावे, कारण निम्मी धूळ रांगेतून नव्हे तर ट्रॅक्टरच्या चाकांखालून उठते. शेवटच्या टप्प्यातल्या खतावर धूळ बसवण्यासाठी म्हणून स्पेंटवॉश मारू नये, साधे पाणीच मारावे. स्पेंटवॉशमध्ये पालाश भरपूर आहे हे खरे, पण क्षारही आहेत, आणि कुजायला वेळ न मिळता ते तसेच शेतात जातात. पेणच्या खारेपाटातून एकाने खत मागितले होते. ज्या जमिनीत आधीच समुद्राचे मीठ आहे तिथे हे खत तपासणी केल्याशिवाय देऊ नये म्हणून आम्ही त्यांना नाही म्हटले. आपल्याकडेही कालव्याच्या शेवटाला खारवटलेल्या जमिनी आहेत, तिथल्या सभासदांनी माती आणि खत दोन्हींची क्षारता पाहूनच खत टाकावे.

आता कोणी म्हणेल, प्यायला पाणी नाही अशा मे महिन्यात खताला पाणी कुठून आणणार? आक्षेप बरोबर आहे, आणि आमच्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. हंगाम चालू असताना ते कंडेन्सेटच्या रूपाने कारखान्यातच उपलब्ध होते आणि त्यातले कितीतरी वापराविना जाते. प्रेसमड त्याच वेळी निघतो, स्पेंटवॉश त्याच वेळी असतो, थंडीमुळे रांगेतली वाफ कमी उडते. म्हणजे कंपोस्टचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पण त्या काळात शेतकी खाते ऊसतोडीच्या मागे असते, ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला, आणि यार्डाकडे कोणी फिरकत नाही. यंत्राची वही आम्ही काढून पाहिली. गेल्या डिसेंबर-जानेवारीत ते यंत्र चालले त्यापेक्षा उभे जास्त राहिले. मग एप्रिलमध्ये सगळे राहिलेले काम एकदम अंगावर येते, पाणी नसते, ऊन असते, पाऊस समोर दिसत असतो, आणि आपल्याला वाटते की यंत्र एकच आहे म्हणून अडते.

पावसाचे तर बोलायलाच नको. पेण-रोह्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एकरी सव्वा कोटी लिटरच्या जवळपास पाणी. तिथे उघड्यावर अशी रांग लावायचा विचारही कोणी करणार नाही. आपल्याकडे पाऊस त्याच्या पावहिश्श्यानेही नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण वळिवाचा एक इंच पाऊस पडला तरी एकरभर यार्डावर लाखभर लिटर पाणी येते. त्यातले जे खतात मुरत नाही ते काळे होऊन ओढ्याकडे धावते. पावसाळ्यात कंपोस्टचे काम बंद ठेवण्याचा प्रदूषण नियंत्रण मंडळांचा जो दंडक आहे तो उगीच नाही. मेच्या मध्यापर्यंत तयार खत छपराखाली गेले पाहिजे. चारी बाजू उघडी, नुसते पत्र्याचे छप्पर पुरे. दुसऱ्या यंत्राच्या किमतीत असे किती छप्पर होते, याचा अंदाज स्थापत्य विभागाने पुढच्या सभेपूर्वी द्यावा अशी आमची विनंती आहे.

शिवाय प्रेसमडला आता दुसरे गिऱ्हाईक उभे आहे. कॉम्प्रेस्ड बायोगॅसवाले तो विकत मागतात. अनेक डिस्टिलऱ्यांनी स्पेंटवॉश जाळणारे बॉयलर बसवून कंपोस्ट बंदच केले आहे. आपले खत असेच एकदा धूळ आणि एकदा चिखल राहिले, तर उद्या संचालक मंडळापुढे कोणीही प्रस्ताव ठेवेल की यार्ड मोडा आणि प्रेसमड विका. तेव्हा सभासदांच्या जमिनीचे काय, हे विचारायला आमच्या हातात चांगल्या खताचा नमुना हवा.

एक सूचना दराबाबत. खत सुक्या वजनावर विकावे. यार्डातून गाडी निघताना नमुना घ्यायचा, ओलावा काढायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. २५ टक्क्यांच्या वर जितके पाणी असेल तितके वजनातून वजा. कोरड्या खतावर भरण्याआधी पाणी मारून ते २०-२२ टक्क्यांवर आणावे, म्हणजे घाटात किंवा शेताच्या बांधावर उडणार नाही. रोह्याच्या त्या गाडीला अवघे तेराशे लिटर पाणी पुरले असते. त्या पाण्याचे पैसे सभासदाने देऊ नयेत, सुके वजन तेवढेच धरावे. हिशोब खात्याला हे किचकट वाटेल. उसाचा काटा आणि उतारा आपण दशांशापर्यंत मोजतो, तेव्हा हेही जमेल.

तोपर्यंत सभासदांनी स्वतःच तपासावे. गाडी रिकामी करण्याआधी ढिगात हातभर आतून मूठभर खत काढा आणि घट्ट दाबा. तयार खताचा मुठीत सैल लाडू व्हावा, जरा हलवला की मोडावा आणि तळहात नुसता दमट लागावा. पाण्याचा थेंब सुटला तर ओलावा फार आहे, लाडू होतच नाही आणि हातावर भुकटी उरते तर कोरडे आहे. घरच्या शेणखताच्या व पाचटाच्या ढिगाला मात्र हे माप लावू नका. तो कुजत असताना दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसलाच पाहिजे.

येत्या हंगामात पहिल्या प्रेसमडबरोबरच रांगा लावायला घ्याव्यात आणि कंडेन्सेटच्या टाकीपासून यार्डापर्यंत पाइप टाकावा, असा प्रस्ताव आम्ही शेतकी खात्यातर्फे पाठवला आहे. ज्या सभासदांना गेल्या उन्हाळ्यात कोरडे किंवा फार ओले खत मिळाले त्यांनी खताच्या चिठ्ठीचा नंबर आणि तारीख आपल्या गट कार्यालयात नोंदवावी. दसऱ्यापर्यंत आलेल्या नोंदी प्रस्तावासोबत जोडायच्या आहेत.